सी फर्जानीचे जादा रोजे

महदियाच्या बंदरावर चाळीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या फर्जानीला कंपवाताने गाठलं, तेव्हा गावाने त्याला खायला घातलं. त्याने फरक पडला नाही, म्हणून आणखी खायला घातलं. गावाकडे तिसरा उपाय नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसराही नव्हता.

पहिली चार वर्षं तशी निभावली. सकाळी गोळी, घोटभर काळी कॉफी, पावाचा तुकडा, की गडी बंदराकडे निघाला. उजवा हात थरथरायचा, पाय जरा घासत पडायचे, पण पडायचे. मग दोन वर्षांपूर्वी तो हमामच्या ओल्या पायरीवर घसरला आणि मनगट मोडून बसला. मोठ्या शहरातल्या डॉक्टराने हाडं तपासली आणि अर्ध्या फ्रेंचमध्ये, पुऱ्या घाईत त्याच्या बायकोला दोन गोष्टी सांगितल्या. एक, कंपवाताची गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर द्यायची. दोन, हाडांची चाळणी झाली आहे, तेव्हा दूध, दही, अंडी, मासे वाढवा, ड जीवनसत्त्वाचे थेंब द्या, उन्हात बसवा.

दलंदाने दोन्ही ऐकलं. त्यातलं दुसरं तिने गाठीला बांधलं, आणि पहिलं दवाखान्याच्या फाटकाबाहेर येईपर्यंत ती विसरली. तिचा तरी काय दोष? आमच्या गावात उपाशीपोटी माणसाला कोणी वाईट बातमीसुद्धा सांगत नाही, आधी दोन घास खाऊ घालतात. तिथे ही एवढी जालीम गोळी रिकाम्या पोटी द्यायची म्हणजे वैरीणच व्हायचं. गोळ्यांचं खोकं तिने दिसायला बरं नाही म्हणून फेकून दिलं, गोळ्या साखरेच्या जुन्या बरणीत ओतल्या आणि कामाला लागली.

तेव्हापासून दिवसातून तीनदा गोळीबरोबर उकडलेली दोन अंडी आणि पेलाभर दूध. बुधवारी फर्जानीची थोरली बहीण मन्नूबिया बकऱ्याच्या पायांचं सूप घेऊन यायची. त्यात चमचा रोवला तर तो ताठ उभा राहावा, इतकं दाट. "पी, माझ्या भावा, हाडं हाडांनीच जुळतात," असं म्हणत ती समोर ठाण मांडून बसायची, आणि भांडं रिकामं झाल्याशिवाय तिला स्वतःच्या घराची आठवण येत नसे. आणि दलंदाचा भाऊ मोंजी, तो तर उंटावरचा शहाणाच. गेल्या वर्षी तो टाइल्स विकायचा, यंदा पावडर विकत होता. पावडरीच्या डब्यावर एका उघड्या पैलवानाचं चित्र होतं.

"दाजी, यात सगळं आहे," मोंजी डबा थोपटत म्हणायचा. "प्रथिनं, कॅल्शियम, हाडांसाठी, स्नायूंसाठी, केसांसाठी."

फर्जानीच्या डोक्यावर केस नव्हते. तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?" मोंजीने बहिणीला विचारलं.

"म्हणतोय, दोन चमचे टाक," दलंदा म्हणाली.

फर्जानी म्हणाला होता, "डबा त्या पैलवानालाच दे." पण आजाराने त्याचा आवाजच खाल्ला होता. ज्या आवाजाने भर वादळात तारलीच्या टोपल्या विकल्या, तो आता टेबलाच्या पलीकडे पोहोचत नव्हता. माणसाला नाही म्हणता येत नसलं की लोक होच समजतात.

खाणं वाढत गेलं तसे फर्जानीचे पाय आखडत गेले. गोळी घेऊन तासभर झाला तरी हात थांबेना. उंबरठ्याशी आला की पाय फरशीला डिंक लावल्यासारखे चिकटायचे. पलीकडे संडास, अलीकडे फर्जानी, आणि मधे दोन बोटांचा उंबरठा. दलंदा धावत यायची, त्याला कवेत धरून पलीकडे न्यायची, आणि म्हणायची, "बघ, अंगात ताकदच उरली नाही तुझ्या." मग दोनाची तीन अंडी व्हायची. अति तिथे माती हे गावाला पाठ होतं, पण ते शेजाऱ्याच्या घरातल्या अतीबद्दल.

मार्सेयला नोकरी करणारा मुलगा अनीस हे सगळं फोनवर बघत होता. बापाला दारात अडकलेला बघून त्याने तिकडे डोळे पुसले आणि इकडे बोटीने चाकांची खुर्ची पाठवली. पाय ठेवायला पट्ट्या, पाठीला गादी, सगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. "रमजान होऊ दे बाबा, ईदला मी येतोच आहे. मी स्वतः बसवीन तुम्हाला," तो म्हणाला. खुर्ची ओसरीत भिंतीला लागून उभी राहिली. फर्जानी तिच्यासमोरून जाताना मान फिरवायचा. मरणाची त्याला भीती नव्हती, समुद्रावरच्या माणसाला ती नसते. पण आपण ज्या बंदरावर चाळीस वर्षं उभं राहून ओरडलो, तिथे कोणीतरी आपल्याला ढकलत आणणार, हे त्याला सोसणार नव्हतं.

आणि रमजान लागला.

डॉक्टराने फर्जानीला रोजे बंद केले होते. ही परवानगी त्याने मोठ्या दुःखी चेहऱ्याने स्वीकारली होती, कारण धर्माच्या बाबतीत त्याचा हिशोब सोपा होता: ज्या शुक्रवारी वादळामुळे होड्या निघत नसत, त्या शुक्रवारी तो नमाजाला जात असे. पहिल्या सकाळी दलंदाने रोज्याच्या पोटी उठून त्याच्यासाठी अंडी उकडली.

"दलंदा, नको," तो म्हणाला.

"का? आजाऱ्याला माफ आहे."

"आजाऱ्याला माफ आहे, वासाला नाही. सगळी गल्ली उपाशी, आणि मी अंडी सोलत बसू? शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून नाक वर करून बसलेली असते."

हे मात्र दलंदाला पटलं. देव माफ करील, पण शेजारीण नाही करणार. तेव्हा ठरलं ते असं, की दिवसा गोळी नुसत्या पाण्याबरोबर, दुपारी दाराआड दोन खजूर आणि पावाचा तुकडा, आणि काय दूध-अंडी-मासे कोंबायचे ते संध्याकाळी, सगळ्यांबरोबर, रोजा सोडायची तोफ झाल्यावर.

चौथ्या दिवशी दुपारी दलंदा डोळा लागून पडली होती. जागी होऊन बघते तर नवरा जागेवर नाही. बाई घाबरली, डोक्यावर फडकं ओढून धावत बाहेर आली. फर्जानी गल्लीच्या टोकाकडून येत होता. काखेत दोन लांब पाव होते, आणि वाटेत तो भट्टीवाल्याशी पाव कच्चा राहिल्याबद्दल भांडला होता, आणि त्याचं भांडण भट्टीवाल्याला ऐकूही गेलं होतं.

झालं! चमत्कार झाला म्हटल्यावर त्याला बाप हवाच, आणि बाप व्हायला तिघं रांगेत उभे राहिले. इमामसाहेब म्हणाले, ही या पाक महिन्याची बरकत. फर्जानी रोजा धरत नाही हे त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, नियत असेल. मन्नूबिया म्हणाली, माझ्या सुपाने आता कुठे हाड धरलं. मोंजीचं म्हणणं शास्त्रीय होतं. "पावडर आत साठून राहते, दाजी. इतके महिने साठली, आता सुटतेय." आणि त्याने त्याच आठवड्यात गल्लीत नऊ डबे खपवले.

फर्जानीला यातलं काही पटेना. चाळीस वर्षं डोळ्यांत बघून माशाचा शिळेपणा ओळखणाऱ्या माणसाला कोणी बरकत सांगून गंडवू शकत नाही. काहीतरी बदललंय, पण काय?

ते त्याला मन्नूबियाने दाखवलं. दहाव्या रोज्याला दुपारी ती आली. तिला मधुमेह, तिलाही रोजे माफ. दलंदा बाजारात गेलेली बघून तिने भावाला स्वयंपाकघरात कोंडलं, गोळीच्या वेळी गोळी दिली, आणि वर तीन अंडी, वाडगाभर दूध. "त्या बयेने तुला उपाशी मारलंय," ती म्हणाली. तासाभराने फर्जानी उठला आणि ओसरीच्या उंबरठ्यात रुतला. समोर प्लॅस्टिकमधली खुर्ची होती. अर्धा तास दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मन्नूबिया आली नाही, अंडी आली नाहीत, आणि फर्जानी बंदरापर्यंत जाऊन आला.

बाराव्या दिवशी तो औषधांच्या दुकानात गेला. दुकान चालवणारी इनास त्याच्या मुलीच्या वयाची, त्याला आदराने 'सी' म्हणायची आणि दलंदाला 'लल्ला'.

"अगं, ही गोळी आणि अंडं यांचं काही वाकडं आहे का?" त्याने विचारलं.

इनास बघतच राहिली. "सी फर्जानी, मी पहिल्या दिवशीच खोक्यावर पेनाने लिहून दिलं होतं. आधी गोळी, अर्ध्या तासाने खाणं."

"खोकं आमच्याकडे टिकत नाही."

"अहो, अंडं, दूध, मांस पोटात गेलं की ते आणि गोळी एकाच दारातून आत शिरायला बघतात. दाराशी गर्दी होते, आणि गोळी बिचारी बाहेर राहते. सगळ्यांचं इतकं होत नाही, पण तुमचं होतंय. म्हणून दिवसा हलकं खायचं, आणि ते सगळं रात्री. रात्री मात्र खायचंच हं! हाडांना ते हवंच आहे. थेंब चालू आहेत ना? ऊन?"

"म्हणजे दोन वर्षं..." फर्जानी म्हणाला.

"मी लल्ला दलंदांना फोन करून नीट समजावते," इनासने फोन उचलला.

"ठेव तो खाली!" फर्जानी ओरडला. खरंच ओरडला, दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली.

त्याच्या डोळ्यांपुढे दलंदा आली होती. दुखरा गुडघा घेऊन रोज पहाटे गावाबाहेरच्या कोंबड्या पाळणाऱ्या विधवेकडे चालत जाणारी, कारण दुकानातली अंडी तिला शिळी वाटत. अंडं ती स्वतः सोलायची, फर्जानीच्या बोटांना सोलता येत नसे. मग त्यावर मीठ, वर चिमटीने जिरं, आणि तोंडाशी धरलेला हात. दोन वर्षं, दिवसातून तीनदा. आता तिला जाऊन काय सांगायचं? की बाई, मला खुर्चीत बसवायला निघालेला आजार नव्हता, तूच होतीस? पाय परत मिळाल्याचा आनंद दुकानाच्या दारापर्यंतही टिकला नाही.

"हे आपल्या दोघांत राहील," तो इनासला म्हणाला. "अळीमिळी गुपचिळी."

"मग ईदनंतर काय करणार?"

"बघू," फर्जानी म्हणाला. त्याला काहीही सुचलेलं नव्हतं.

ईदला अनीस आला. बाप बोटीच्या धक्क्यावर स्वतःच्या पायांनी आलेला बघून त्याला रडूच कोसळलं. पण ईद म्हणजे ईद. दिवसाउजेडी खायला मोकळीक मिळाल्यावर दलंदाने महिन्याचं उट्टं काढलं. सकाळच्या गोळीबरोबर अंडी, कलेजी, दूध, मोंजीची पावडर, आणि शेजारच्या सात घरांतून आलेल्या सात ताटल्या. भीक नको पण कुत्रा आवर, असं फर्जानीने मनात म्हटलं आणि मुकाट्याने खाल्लं. दुपारी ईदच्या गाठीभेटींना निघाले, तेव्हा तो मशिदीसमोरच्या चौकात, सगळ्या गावादेखत, एक पाय पुढे टाकून थिजला. अनीस आणि मोंजीने उचलून घरी आणला.

"बाबा, हट्ट पुरे," अनीस हळूच म्हणाला. "परवा मी जाईन. उद्या खुर्ची उघडतो."

त्या रात्री फर्जानीने जेवताना जाहीर केलं, "मी उद्यापासून रोजे धरणार. ईदनंतरचे सहा."

मोंजीच्या हातातला घास हातातच राहिला. दलंदाने नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"अरे माणसा, तू रमजानचे धरले नाहीस, आणि हे जादाचे धरणार?"

"मला उपवास मानवतो. सगळ्यांनी बघितलंय. इमामसाहेबांना विचार."

इमामसाहेबांना विचारलं. ते बरकतीच्या बाजूने आधीच बोलून बसले होते, आता मागे कसे फिरणार? त्यांनी फर्जानीची पाठ थोपटली. डॉक्टराचं नाव अनीसने काढलं, पण सहा दिवसांपैकी दुसऱ्याच दिवशी दुपारी बाप त्याला सोडायला बोटीपर्यंत चालत आला, तेव्हा तोही गप्प झाला.

रोज्याची रीत अशी होती. सकाळी घरात सगळे असताना फर्जानी तसबीह घेऊन गच्चीवर जायचा, नामस्मरणाला. पाण्याच्या टाकीमागे त्याची बाटली होती आणि खिशात कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, चार खजूर, पावाचा तुकडा. दिवसाच्या गोळ्या आपण रात्रीच घेतो, असं त्याने दलंदाला सांगून ठेवलं होतं. तिथे तो नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्यायचा आणि तासभर उन्हात बसायचा. दुपारी पुन्हा, चार वाजता पुन्हा. डॉक्टराचं सांगणं इतकं तंतोतंत आजवर कोणी पाळलं नसेल, फक्त ते लपून पाळावं लागत होतं. मावळतीच्या बांगेला खाली येऊन मात्र तो अंडी, दही, तळलेली तारली, जे ताटात येईल ते चाटूनपुसून खायचा. दलंदा सुखावायची. बिचारी दिवसभर वाट बघायची त्या एका जेवणाची.

सहा संपल्यावर सोमवार-गुरुवार लागले. मग एक दिवसाआड. मधल्या दिवशी पाय पुन्हा रुतायचे, म्हणून तेही दिवस भरले. गावात फर्जानीचं नाव झालं. ज्याच्या तोंडी चाळीस वर्षं बंदरावरच्या शिव्या होत्या, त्याला पोरं आता वाट सोडून उभी राहू लागली. बायका दात येणारी लेकरं घेऊन यायच्या, "हात फिरवा, सी फर्जानी." थरथरता हात लेकराच्या गालावरून फिरायचा, लेकराला गुदगुल्या व्हायच्या, ते हसायचं, आणि आई म्हणायची, बघा, लगेच गुण आला. जाताना त्या भक्तिभावाने काहीतरी ठेवून जायच्या. बहुतेक वेळा अंडी.

"आता तू पीर-वली होणार," कॉफीच्या दुकानातला जुना दोस्त डोळा मारून म्हणाला.

"झालोच आहे. मेलो की टाकीपाशी कबर बांधा," फर्जानी म्हणाला.

सोंग आणणं सोपं, ते वठवणं कठीण. जुलै उजाडला. टोमॅटो चिरून, मीठ लावून गच्चीवर वाळत घालायचे दिवस आले. एके दिवशी दुपारी, गुडघ्याच्या नावाने बोटं मोडत, डोक्यावर परात घेऊन दलंदा वर चढली. टाकीमागून गुटगुट आवाज आला. तिने वाकून बघितलं. वली बाटली तोंडाला लावून बसले होते.

परात खाली आदळली.

"फर्जानी!"

फर्जानीला ठसका लागला.

"पाणी? भर रोज्यात पाणी? आणि हे काय, खजूर? पाव?" तिने त्याच्या मांडीवरचा कागद उचलला. "कधीपासून चाललंय हे?"

फर्जानीने बाटलीला बूच लावलं.

"म्हणजे पहिल्यापासूनच! अरे थेरड्या, लोकांची लेकरं तुझ्या हाताखाली दिली मी! शुक्रवारी हमाममध्ये बायका मला उठून जागा देतात, माहितीये? देवाशी खोटं बोललास ते बोललास, माझ्याशीही? का? बोल ना, का?"

कारण जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य, की हा ढोंगीपणाचा चिखल क्षणात धुतला जाणार होता. फर्जानीने वर बघितलं. तिच्या बोटांना टोमॅटोचा रस आणि मीठ लागलं होतं, अंड्यावर जिरं टाकायची तीच बोटं.

"तहान लागली होती," तो म्हणाला.

"रोज?"

"रोज. मी ढोंगी आहे, दलंदा. तुला आधीच कळायला हवं होतं."

ती रडत खाली गेली. गच्चीभर टोमॅटो सांडले होते, ते फर्जानीने एकेक करून गोळा केले.

दुसऱ्या सकाळपासून देवाला फसवायचं बंद झालं. दलंदाने अबोला धरला, पण अबोला नवऱ्याशी, त्याच्या पोटाशी नव्हे. गोळी, तीन अंडी, दूध. फर्जानीने खाल्लं. दुपारी तेच, चारला तेच. संध्याकाळपर्यंत त्याचा हात ताटावर तडतडू लागला. तिसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठू शकला नाही. चौथ्या दिवशी दलंदाने न बोलता विळीने खुर्चीचं प्लॅस्टिक कापलं आणि मोंजीने त्याला उचलून त्यात बसवलं. गावाला अर्थात सगळं कळलं होतं, कारण परात पडल्याचा आवाज शेजारणीने ऐकला होता. "देवाशी खेळ केला, देवाने पाय काढून घेतले," ती म्हणाली. इमामसाहेबांनी या विषयावर मौन धरलं.

फर्जानी खुर्चीत बसून ओसरीतून गल्ली बघत राहिला. सांगायचं का? रोज सकाळी त्याच्या मनात यायचं. मग अंडं यायचं, सोललेलं, मीठ-जिरं लावलेलं, आणि तोंडाशी धरलेला तिचा हात. तो तोंड उघडायचा आणि खायचा.

सहाव्या दिवशी दलंदाच्या मावसबहिणीकडे मयत झालं. बाई पहाटेच्या गाडीने निघाली. रागात आणि घाईत, तिने खुर्चीशेजारी पाण्याचा पेला आणि दिवसाच्या गोळ्या ठेवल्या, पाव ठेवला, झाकण घातलं आणि गेली. संध्याकाळी परतली तर खुर्ची रिकामी. फर्जानी गच्चीवर वाळलेले टोमॅटो डब्यात भरत होता.

दलंदा त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग दुसऱ्या सकाळी तिने नेहमीसारखी अंडी दिली, आणि भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघराच्या दारात मांडीवर घेऊन बसली. तासाभराने फर्जानी रुतला. तिसऱ्या सकाळी तिने नुसतं पाणी दिलं आणि पुन्हा घड्याळ घेऊन बसली. फर्जानी चालला. पाव फुगला नाही तर शहाणी बाई एका वेळी एकच गोष्ट बदलून बघते, तशी ही घरातल्या घरात परीक्षा घेत होती, आणि फर्जानीला पळायला जागा नव्हती. त्याने मुद्दाम पाय घासत चालून बघितलं.

"नाटकं नकोत. सरळ चाल," दलंदा म्हणाली. आठ दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

मग तिने पदर खोचावा तसं फडकं घट्ट बांधलं आणि ती बाहेर पडली. परत आली तेव्हा तिच्या हातात औषधाचं नवं खोकं होतं. त्यावर इनासचं पेनातलं अक्षर होतं. खोकं तिने फर्जानीसमोर ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"तुला कधी कळलं?"

"काय?"

"फर्जानी, मला फिरवू नकोस."

"रमजानच्या बाराव्या दिवशी."

दलंदाने दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघितलं.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "माझ्या या हातांनी. पहाटे उठून. आग लागो या हातांना."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. हाडं कोणी सांभाळली? मी गच्चीच्या जिन्यावर दोनदा आपटलो, एक हाड मोडलं नाही."

"आणि गेल्या आठवड्यात? सगळं माहीत असून? मी समोर ठेवत होते, आणि तू गुमान गिळत होतास? खुर्चीत बसलास, गावाने तोंडात शेण घातलं, तरी बोलला नाहीस?"

फर्जानीने विचार केला.

"अंडी ताजी होती गं," तो म्हणाला.

दलंदाने हातातलं फडकं त्याला मारलं, एकदा, दोनदा, आणि मग त्याच फडक्यात तोंड खुपसून ती ढसाढसा रडली. फर्जानीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे तो थोपटतोय असं वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी तिने बरणीतून नव्हे, खोक्यातून गोळी काढली. पाण्याचा पेला दिला. घड्याळ टेबलावर ठेवलं. बसायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून खुर्चीतच बसली, चाकांच्या. चूल थंड होती, अंडी टोपलीत होती, ती रात्रीसाठी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सकाळच्या वेळी तिला करायला काही नव्हतं. तिचे हात मांडीवर पडले होते, आणि कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"किती झाली?" फर्जानीने विचारलं.

"सात मिनिटं." ती उठायला लागली.

"बस."

ती बसली. "मन्नूबिया वन्संना काय सांगू? बुधवार आहे उद्या."

"सांग, सूप रात्री आण. आणि मोंजीला सांग, पैलवान घेऊन जा."

"आणि तुझे रोजे? बायका विचारतील."

"म्हणावं, वली सुटीवर आहेत."

तिला हसू आलं, मग पुन्हा डोळे भरले. घड्याळ चालत राहिलं. अर्धा तास झाला तरी ती उठली नाही, नुसती हातांकडे बघत बसून राहिली. तेव्हा फर्जानी उठला, उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात गेला, आणि त्याने निम्मी सांडत तिच्यासाठी कॉफी ठेवली.